वारशातला वस्तरा

जुनी ट्रंक उपसताना कापडात गुंडाळलेला वस्तरा हाती लागला की घरात दोन गोष्टी हमखास घडतात. कुणीतरी धारेवरून अंगठा फिरवून बघतो आणि कुणीतरी पॉलिश पेपर शोधायला पळतो. पहिल्यात बोट जाते, दुसऱ्यात वस्तरा. इतकी वर्षे पडून राहिलेले पोलाद आणखी आठ दिवस थांबले तर काही बिघडत नाही. घासून काढलेले पोलाद मात्र परत चढवता येत नाही, आणि त्यासोबत गेलेली अक्षरेही परत येत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसाचे काम एवढेच: वस्तरा खिडकीपाशी उजेडात धरावा, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि तो नीट वाचावा.

महाराष्ट्रातल्या घरांत असे वस्तरे दोन वाटांनी आलेले असतात. एक वाट नाभिक कुटुंबाची. गावगाड्यात न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, पाण्याची वाटी, धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा असे. दुसरी वाट नोकरदार किंवा शौकीन गृहस्थाची, जो आपली दाढी आपणच करी आणि शहरातल्या दुकानातून विलायती वस्तरा आणी. असा वस्तरा बऱ्याचदा डबीसकट मिळतो. नशीब जोरावर असेल तर सात वस्तऱ्यांची पेटीच निघते, प्रत्येकाच्या पाठीवर एकेका वाराचे नाव कोरलेले. दोन दाढ्यांच्या मध्ये पोलादाला विसावा मिळाला पाहिजे, अशी त्या काळी समजूत होती. पेटी विकणाऱ्याला ती सोयीचीच होती म्हणा.

धंद्यातला वस्तरा कोणता आणि घरगुती कोणता, हे पात्याची रुंदी सांगते. पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पाच अष्टमांश, म्हणजे साधारण 16 मिलिमीटर, हे सर्वांत प्रचलित माप; सहा अष्टमांश म्हणजे 19 मिलिमीटर. दगडावर धार लावताना वस्तऱ्याची धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकलेली असतात, त्यामुळे दोन्ही मिळून झिजतात. रोज डझनावारी दाढ्या केलेले पाते चार अष्टमांशांवर आलेले दिसते आणि पाठीच्या दोन्ही अंगांना सपाट, चकचकीत पट्टी पडलेली असते. ही पट्टी खोट नव्हे. दोन्ही बाजूंना ती सारख्या रुंदीची असेल तर हात बसलेल्या माणसाचे ते काम आहे. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला नावालाच असेल, तर पाते एकीकडे झुकवून घासले गेले आहे आणि धार लावताना ते त्रास देणार हे धरून चालावे.

आता पाते टोकाकडून बघावे. पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही अंगे जवळजवळ सरळ उतरत आली असतील तर ते पाचरी घडणीचे, जुन्या वळणाचे पाते. दोन्ही अंगे आत खोलगट घासलेली असतील तर ते पोकळ घडणीचे. अशी घडण एकोणिसाव्या शतकात रुळली आणि जर्मनीतल्या झोलिंगन गावाने त्यात हातखंडा मिळवला. अगदी पातळ पोकळ पात्याची धार नखावर हलकेच दाबली तर ती किंचित लवते. हा प्रयोग ज्याला आधीपासून जमतो त्यानेच करावा.

सगळ्यात बोलका भाग म्हणजे पात्याचे बूड. पाते संपून मुठीच्या खिळ्याकडे जाणारा हा जाड दांडा असतो आणि कारखान्याचे ठसे बहुधा त्यावरच सापडतात. गंजाखाली ते पुसट असतील तर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून दुसऱ्या दिवशी मऊ कापडाने टिपावे आणि टॉर्चचा उजेड तिरपा पाडून सोनाराच्या भिंगातून पाहावे. समोरून पडलेल्या उजेडात न दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात उठून दिसतात.

उदाहरणादाखल इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याचा ठसा घेऊ. चांदणी आणि माल्टाचा क्रूस ही त्यांची खूण. शेफिल्डच्या कटलर्स कंपनीने ती 1764 साली त्यांना दिली. सोबत ‘नंबर 6, नॉरफोक स्ट्रीट’ हा पत्ता असू शकतो. कंपनीच्या नावाखाली राजघराण्याचे कारागीर असल्याचा उल्लेख असेल तर तो ‘हर मॅजेस्टी’चा आहे की ‘हिज मॅजेस्टी’चा, हे बघावे. शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर मुकुटाच्या दोन बाजूंना अक्षरेही असतात. व्ही आणि आर म्हणजे व्हिक्टोरिया, 1837 ते 1901. डब्ल्यू आणि आर म्हणजे चौथा विल्यम, 1830 ते 1837. काळाची चौकट ठरवायला एवढे पुष्कळ झाले.

आकड्यांनी मात्र पुष्कळांना फसवले आहे. बुडावरचा किंवा पात्यावरचा आकडा हे वस्तऱ्याचे जन्मवर्ष क्वचितच असते. झोलिंगनच्या हेंकेल्स घराण्याची जुळ्या भावांची खूण 1731 सालची आणि पुमा कंपनी आपली स्थापना 1769 सालची सांगते. विसाव्या शतकातल्या मालावर असा सनावळीचा आकडा दिसला की ‘आमच्याकडे अडीचशे वर्षांपूर्वीचा वस्तरा आहे’ अशी बातमी नातेवाइकांत पसरते. दोन-तीन अंकी सुटा आकडा तर बहुतेक वेळा नमुन्याचा क्रमांक असतो.

देशाचे नाव ही त्याहून भरवशाची खूण. जर्मन माल शेफिल्डच्या नावाने खपवला जातो, अशी शेफिल्डच्या कारागिरांची ओरड होती. त्यातून ब्रिटनमध्ये 1887 साली मालखुणांचा कायदा झाला; हिंदुस्थानात तसाच कायदा 1889 साली आला आणि अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्यात परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून ठळक ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ दिसले तर वस्तरा साधारणपणे त्या सुमाराचा किंवा नंतरचा समजावा. नाव नाही म्हणजे वस्तरा जुनाच, असे उलटे गणित मात्र मांडू नये. ‘रोस्टफ्राय’ हा शब्द असेल तर पाते न गंजणाऱ्या पोलादाचे, अर्थात विसाव्या शतकातले.

काही पात्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असे लिहिलेले असते. त्या दोन शब्दांमागच्या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईत येतो. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 1794 च्या सुमारास वुट्झ या हिंदी पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि जॉर्ज पिअर्सन यांनी 1795 साली त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा शस्त्रकारागीर त्या पोलादाने इतका भारावला की वुट्झचे वस्तरे आणि शल्यक्रियेची हत्यारे तो आपल्या जाहिरातीत मिरवू लागला. पुढे त्याने तरुण मायकेल फॅरेडेला हाताशी धरून पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळण्याचे प्रयोग केले; त्यांचे निबंध 1820 आणि 1822 साली छापून आले. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी हे मिश्रण त्यांना पसंत पडले. विजेच्या शोधांनी नाव कमावण्याआधीचा हा फॅरेडे आपल्या मिश्रधातूंचे वस्तरे मित्रांना भेट देत असे. नंतर शेफिल्डच्या कारखानदारांनी ‘सिल्व्हर स्टील’ हे नाव उचलले आणि चांदी असो वा नसो, पात्यांवर छापत राहिले. म्हणजे हा शब्द दिसला तर वस्तरा 1820 नंतरचा एवढे नक्की. त्यात चांदी आहे म्हणून हुरळून जाऊ नये.

मुठीकडे लोक शेवटी बघतात. खरे तर साफसफाई कशी करायची हे मूठच ठरवते. जुन्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या, क्वचित हस्तिदंताच्या. 1870 नंतर सेल्युलॉइडच्या आणि पुढे बेकलाइटच्या. पांढरी मूठ दिसली की ‘हस्तिदंत!’ असे कुणीतरी ओरडतेच. भिंगाखाली हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेघोट्या दिसतात. खऱ्या हत्तीच्या दातात, विशेषतः आडव्या कापावर, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या सेल्युलॉइडमध्ये यंत्राने ओढल्यासारख्या समांतर रेषा असतात, आणि ते बोटाने चोळून गरम केले की कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर तो बाजूला ठेवावा, कारण सेल्युलॉइड भसकन पेटते. मूठ खरोखरच हस्तिदंती निघाली तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि वारशाने आलेल्या वस्तूबद्दलही वन विभागाकडे जाऊन रीतसर माहिती द्यावी.

सेल्युलॉइडची आणखी एक खोड आहे. जुने झाले की ते आतून कुजते आणि त्यातून निघणारी आम्लाची वाफ पात्याला खाते. मुठीवर पांढुरके धुके, बारीक भेगांची जाळी आणि पात्याच्या फक्त मुठीत मिटणाऱ्या भागावर तांबडा गंज, ही खूणगाठ जुळली तर गंज काढून उपयोग नाही. मूठ आधी बदलावी लागेल.

एवढे वाचून झाल्यावर निर्णयाची वेळ येते: वस्तरा कामाला लावायचा की आठवण म्हणून जपायचा? त्यासाठी धारेची रेष तपासावी. पात्याच्या अंगावरचे काळे डाग किंवा उथळ खड्डे दाढीच्या आड येत नाहीत. धारेवर आलेले खड्डे मात्र येतात, कारण धार लावताना प्रत्येक खड्डा दात्यासारखा उघडा पडतो. पात्याला तडा असेल तर विषयच संपला. केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही. तेल लावून, पुसून, थोडा वेळ थांबले की तड्यातून तेलाची बारीक रेघ पुन्हा उमटते. धार मध्यभागी आत गेलेली, म्हणजे अंतर्वक्र, असेल तर ती सरळ करण्यात बरेच पोलाद जाते. बाहेर वळलेली धार चालते, काहींना तर तीच आवडते. तडा गेलेला, नक्षीदार किंवा फार दुर्मीळ ठशाचा वस्तरा साफ करून, तेल लावून ठेवून द्यावा, हे उत्तम. प्रत्येक जुने हत्यार पुन्हा राबलेच पाहिजे असा काही नियम नाही.

साफसफाई सुरू करताना धारेवर कागदी चिकटपट्टी लावावी आणि पाते टेबलाच्या कडेला, लाकडी फळीवर सपाट टेकवावे. हवेत धरून घासताना हात निसटला तर टाक्यांशिवाय भागत नाही. मशीनचे तेल लावून एक रात्र ठेवावे, मग सुती कापड, आणि त्याने न निघालेल्या तांबड्या गंजासाठी सर्वांत बारीक, चार शून्यांचे स्टील वूल. हात पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने. पुष्कळ वस्तऱ्यांचे काम इथेच संपते. राखाडी किंवा काळपट झाक उरली तर ती राहू द्यावी. ती पोलादाचा वयाचा रंग आहे आणि तांबड्या गंजासारखी पाते खात नाही. त्यापुढे फार तर पितळेला लावायचे पॉलिश कापडावर घेऊन चोळावे. पात्यावर सोनेरी मुलामा दिलेली अक्षरे किंवा चित्र असेल तर तेही लावू नये. तो मुलामा इतका पातळ असतो की चार-दोन फटकाऱ्यांत उडून जातो.

पॉलिश पेपर लागलाच तर तो पाण्यात भिजवून, बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून वापरावा, 600 नंबरपासून 2000 पर्यंत चढत जावे आणि ठशांच्या जवळ फिरकू नये. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात आरशासारखा लखलखणारा जुना वस्तरा दिसला, तर त्याच्या कडा बोथट गोलावल्या आहेत का आणि अक्षरे अर्धवट आहेत का, ते आधी बघावे. ही चकाकी बहुधा बफिंगच्या चकतीची असते. चकतीने दुहेरी घात होतो. पाते हातातून हिसकावून भिरकावले जाऊ शकते आणि पातळ धार क्षणात तापते. वस्तऱ्याच्या पोलादाला पाणी दिल्यावर ते पुन्हा 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याचा कठीणपणा बेतात आणलेला असतो. त्याहून बरेच वर गेले की धारेवर आधी पिवळी, मग जांभळी, मग निळी झाक चढते. निळी झाक आली म्हणजे पाणी उतरले. तेवढ्या भागात पुन्हा धार टिकत नाही. सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणाऱ्याकडे वस्तरा द्यायचा नाही, त्याचे कारणही हेच.

चिंच, लिंबू आणि व्हिनेगर यांची नावे घरातल्या जाणत्या बायका हमखास काढतात. पितळेच्या समईला ती ठीक. कार्बन पोलादावर आम्ल गंजाबरोबर पोलादही खाते आणि धार सर्वांत पातळ असल्याने पहिला घास तिचा जातो.

मूठ खिळखिळी झाली असेल तर ती उघडण्याची घाई नको. पितळी खिळ्याचे डोके लोखंडी ठोकळ्यावर टेकवून घड्याळजीच्या लहान हातोडीने चार हलके ठोके दिले की बहुतेक वेळा काम भागते. पाते उघडताना किंचित अडले पाहिजे आणि मिटताना धार मुठीच्या पट्ट्यांच्या मधोमध उतरली पाहिजे. मूठ काढावीच लागली तर खिळ्याचे डोके कानशीने घासून तो बाहेर सारतात आणि साधारण 1.6 मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेचा नवा खिळा ठोकतात. शेफिल्डच्या जुन्या मुठींत शेपटाकडची पाचर बहुधा शिशाची असते, तिला हात लागल्यावर साबणाने हात धुवावेत. कोरडे पडलेले शिंग तेल पिते. दोन-तीन दिवस रोज थोडे लावले की त्याचा रंग खुलतो. ती मूठ पाण्यात भिजवू नये आणि उकळत्या पाण्यात तर मुळीच नाही.

धार लावणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते पहिल्यांदा वारशाच्या वस्तऱ्यावर शिकू नये. जुन्या बाजारातला स्वस्तातला वस्तरा त्यासाठी बरा. दगड सपाट हवा: त्यावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासावा आणि सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या की तो सपाट झाला समजावे. 1000 नंबरच्या दगडावर धारेच्या दोन्ही उतरणी एका रेषेत मिळवायच्या. हे खरे काम. पुढचे 4000, 8000 आणि 12000 नंबरचे दगड त्या रेषेला फक्त गुळगुळीत करतात, आणि पहिल्या दगडावर राहिलेली उणीव पुढच्या कुठल्याच दगडावर भरून निघत नाही. पाते सपाट ठेवायचे, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली; कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो आणि तो साधारण 16-17 अंश भरतो. दगडावर धार पुढे चालते. शेवटाला उलटवताना पाते पाठीवर लोळवायचे, धारेवर कधीच नाही. जोर द्यायचा नसतो, पात्याचे वजन पुरते. उतरण कुठे लागते आहे हे पाहायला धारेवर मार्करची काळी रेघ ओढावी आणि दगडावर एक फेरी मारावी. रेघ जिथे शिल्लक राहते तिथे दगड पोचलेला नाही. पाठ आणखी झिजू नये म्हणून तिच्यावर वीजवाल्याच्या टेपचा एक थर लावण्याची पद्धत आहे. नक्षीदार पाठ असेल तर तो लावावाच.

चामड्याच्या पट्ट्यावर सगळे उलटे: तिथे पाठ पुढे आणि धार मागे. आधी कॅनव्हासच्या बाजूवर 20-30 फेऱ्या, मग चामड्यावर 50-60. पट्टा ताणलेला हवा. तो सैल पडला की धार गोलावते. सराईत न्हाव्याचा पटपट चालणारा हात बघायला छान वाटतो, पण नवख्याने त्या वेगाच्या नादी लागून पट्ट्यालाच चिरा पाडू नयेत.

दाढी करण्याआधी पाते 70 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावे. सेल्युलॉइडच्या मुठीला ते लागू देऊ नये. घरात एक वस्तरा दोघांनी वापरू नये. हेपॅटायटिस बी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि सलूनमध्ये आता दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड घालायचा वस्तरा दिसतो तो त्याच कारणाने. कोमट पाणी, दाट फेस, ताणलेली कातडी, त्वचेशी साधारण 30 अंशांचा कोन आणि केसांच्या दिशेनेच पहिला हात. सुरुवातीला फक्त गाल करावेत. हनुवटी आणि गळा नंतर.

राहता राहिला पावसाळा, म्हणजे वस्तऱ्याचा खरा शत्रू. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर उघड्या पात्यावर एका रात्रीत तांबूस ठिपके उमटतात. वापर झाल्यावर पाते आणि मुठीच्या आतली फट दोन्ही कोरडे करावे. पाणी साचते ते खिळ्यापाशी, आणि नेमके तेच पुसायचे राहते. न वापरता ठेवायचा असेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा पातळ हात फिरवावा. खोबरेल घरात असते म्हणून तेच लावले जाते, पण काही महिन्यांत ते चिकट होऊन धूळ धरते. चामड्याच्या म्यानात किंवा जुन्या पुठ्ठ्याच्या डबीत वस्तरा ठेवू नये, दोन्ही ओल शोषतात. डबी वेगळी जपावी आणि वस्तरा तेलाच्या कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसह झाकणबंद डब्यात ठेवावा. सेल्युलॉइडच्या मुठीच्या वस्तऱ्याला मात्र बंद डबा नको; त्याला हवा खेळती हवी, आणि बाकीच्या वस्तऱ्यांपासून तो लांब ठेवावा.